अर्धं बॉनेट

...नाही, पण मी म्हणते, काळी गाडी घ्यावीच कशाला माणसाने? पांढरी घ्या, करडी घ्या, सरळ धुळीच्याच रंगाची घ्या की! पण नाही! आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या आणि शेवटी स्वतःची घेतली ती काळी कुळकुळीत. आणि बावीस वर्षं, तुम्हाला सांगते, रोज सकाळी जुन्या बनियनने पुसायचे तिला, कोरडीच, गोल गोल, गोल गोल... पोटच्या पोरांना कधी एवढं कुरवाळलं नसेल! आता डॉक्टर म्हणाले डोळे गेले, गाडी बंद. मग बाबांनी दोन्ही मुलांना समोर उभं केलं, "रविवारी संध्याकाळी पाचला किल्ली देतो. सहा महिने ह्याने वापरायची, सहा महिने त्याने. पण तोवर एकाने जरी दुसऱ्याच्या अंगाला हात लावला, तर सोमवारी गाडी भंगारात!"

तुम्ही म्हणाल, चाळिशी उलटलेल्या बाप्यांना ही कसली अट? अहो, तुम्ही आमच्या घरात राहिला नाहीत! ह्यांचा पुढचा दात नकली आहे, तो थोरल्या भावाने पाडला, कशावरून? पंख्याखाली कोण झोपणार यावरून! भाऊजींच्या भुवईत सात टाके आहेत, ते ह्यांनी घातले... म्हणजे टाके डॉक्टरांनी घातले, खोक ह्यांनी पाडली. भाऊजींचं लग्न जमलं नाही, त्याचंही खापर ह्यांच्याच डोक्यावर. आणि मला, लपवत नाही, मला ती गाडी हवी होती. दोन बस बदलून दीड तास उभ्याने कामाला जाते मी. सहा महिने तर सहा महिने, बसून जाईन! म्हणून सोमवार ते शनिवार मी दोघांच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिले. रविवारी दुपारी बाबा झोपले, म्हटलं आता तीनच तास उरले, जरा पाठ टेकते... चुकलं माझं!

कारण आमचे हे दवाखान्यात एक्स-रे काढतात. चांगल्या धडधाकट माणसात मोडलेलं हाड शोधायची खोडच लागलीय त्यांना! गेले बॅटरी घेऊन आणि मारली बॉनेटवर. "अगंऽऽ! बाहेर ये! हे बघ! जाळंच जाळं!" बघते तर खरंच, उजेड पडला की त्या काळ्या रंगात बारीक गोल गोल रेघा, कोळ्याने विणाव्यात तशा. मी म्हटलं, बावीस वर्षं कुणाला दिसल्या नाहीत, तुम्ही बॅटरी विझवा, नाहीशा होतील! ऐकतील तर शपथ! ह्यांनी आठवडाभर गुपचूप व्हिडिओ बघितले होते, फरशी घासणाऱ्याकडून मशीन मागून आणलं होतं, पुढे स्पंजाची चकती, आवाज असा की जसं काही आत कुत्रं कोंडलंय. आणि म्हणे नवशिक्याने आधी अर्ध्याच बॉनेटवर करून बघायचं असतं, मधोमध चिकटपट्टी लावायची, म्हणजे इकडची चमक तिकडे ताडून बघता येते.

मधोमध पट्टी! ह्या दोघांच्या घरात!

पट्टी चिकटायला आणि भाऊजी दारात यायला एकच गाठ पडली. "हे काय? गाडीची वाटणी केलीस?" "वाटणी नाही रे, चाचणी आहे." "मग माझी बाजू कुठली?" "तुझी कसली बाजू?" "ही उजवी माझी. आणि पॉलिश मला शिकवू नकोस, वीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच करतोय मी!" तेही खरंच. कपाटं, टेबलं, खुर्च्या... लाकूड हो, लाकूड! पण भाऊजींच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू, पॉलिश झालेल्या आणि पॉलिश व्हायच्या.

ह्यांनी चकतीवर ते पांढरं मलम थापलं, आणि चकती गाडीला टेकवून मग बटण दाबायचं, एवढं साधं, तर ह्यांनी हवेतच दाबलं! तुम्हाला सांगते, चारी दिशांना मलम उडालं! भिंतीवर, माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर, आणि भाऊजींच्या तोंडावर, नाकासकट. भाऊजींनी शांतपणे एक डोळा पुसला, दुसरा पुसला, वाकले, आणि बादली फेकून मारली. पाणी नव्हे, बादली! ह्यांच्या नडगीवर बसली. हे एका पायावर नाचत ओरडले, "अंगाला हात लावलास!" भाऊजी म्हणाले, "हात कुठे? बादली!"

आणि तिथून सुरू झालं! अंगाला हात नाही लावला हां, ते मी छातीठोकपणे सांगेन. ह्यांनी नळी घेतली आणि भाऊजींच्या तोंडावर पाण्याचा असा फवारा सोडला की चष्मा गेटापलीकडे गेला, पण अंगाला हात नाही लावला! भाऊजींनी चिंब स्पंज फेकला, तो ह्यांच्या कानशिलावर फटकन बसला, ह्यांनी ब्रश फेकला, भाऊजींनी चप्पल, ह्यांनी तीच चप्पल परत, गाडीभोवती तीन फेऱ्या झाल्या. मी मध्ये धावतेय, "अहो, बाबा उठतील! अहो, साडेचार वाजले!" आणि मध्येच थांबून वाद काय, तर "चप्पल म्हणजे हात की पाय?"

आणि कमाल अशी की प्रत्येक फेरीत आपापल्या बाजूला आले की दोघं थांबून घासायचे! राग तिथे काढायचे! हे मशीनवर सगळं अंग टाकून बॉनेटच्या कडेवर एकाच जागी रेटताहेत, जळका वास सुटलाय, आणि भाऊजींनी खिशातून काय काढावं? पॉलिश पेपर! लाकूड घासायचा खरखरीत कागद! मी किंचाळले, "भाऊजी, तो लोखंडाला नाही हो!" तर म्हणतात, "वहिनी, घासल्याशिवाय चमक नाही!" खर्रऽऽ खर्रऽऽ... माझ्या दातांत कळ गेली.

मग भाऊजींनी मशीनची वायर उपटली. हे चकती बघायला वाकले, तशी परत खुपसली! मशीनने ह्यांच्या हातातून उडी मारली, बॉनेटवरून धावलं, वायपर उपटला, आरसा फोडला, आणि येता येता ह्यांच्या पँटचा गुडघा फाडून गुडघ्याचंही जरा पॉलिश केलं. रक्त आलं हो! तेव्हा मात्र दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले, हात पाठीमागे बांधलेले, अटीला इतके जपत होते! हे म्हणाले, "तू हात लावून दाखव!" ते म्हणाले, "तू लाव!" आणि तशाच बांधलेल्या हातांनी, देवाशप्पथ, डोक्यावर डोकं आपटलं! नारळ फुटल्यासारखा आवाज! ह्यांच्या नाकातून धार लागली, भाऊजींच्या जुन्या टाक्यांतून लागली. तरी दोघं एका सुरात काय म्हणाले? "हात नाही लावला!"

माझं डोकं सटकलं. मी ह्यांच्या कानाखाली एक ठेवून दिली, सणसणीत, माझाच तळहात झणझणला. आणि मग भाऊजींकडे वळले. थोरले दीर! अहो-जाहो करते मी त्यांना! म्हणून आधी "भाऊजी, माफ करा" म्हटलं आणि मग लगावली. चष्मा नव्हताच, एक काम वाचलं.

आणि मागे वळते तर पायरीवर बाबा.

भिंत धरत धरत आले. बॉनेटवर हात ठेवला. डावीकडे रंग जळून खालचा पांढुरका थर उघडा पडलेला, उजवीकडे खरवडून निघालेलं, मधोमध पट्टी मात्र शाबूत! बोटांनी सगळं चाचपलं. "काय करत होतात?" नाक दाबून हे म्हणाले, "बाबा, त्या गोल रेघा काढत होतो... कोरड्या फडक्याने पुसलं की पडतात." बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यानेच पडल्या." मला वाटलं, गेली गाडी, गेले माझे सहा महिने, आणि म्हाताऱ्याची बावीस वर्षंही ह्या दोघांनी खरवडून काढली.

"आता खरं सांगा," बाबा म्हणाले, "कुणी कुणाच्या अंगाला हात लावला?"

तर जन्मात पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं. दोघांनी बोट केलं ते माझ्याकडे! "हिने!" "वहिनीने! माफी मागून मारलं!"

बाबा हसले. हसता हसता डोळे पुसले, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "अट मुलांना होती. चाळीस वर्षं मागच्या सीटवर भांडणारे साहेब बघितले मी, कुणाला थोबाडायची सोय नव्हती. तू मात्र चालव."

गाडी मिळाली हो! जळक्या-खरवडल्या बॉनेटसकट, अख्खी, बारा महिने! आता सकाळी पहिल्यांदा ह्यांना दवाखान्यात सोडायचं, तिथून उलट्या दिशेला भाऊजींना कारखान्यात, मागच्या सीटवर दोघांचं खिडकीवरून चाललेलं, शेजारी बाबा, डोळ्यांनी दिसत नाही पण "गिअर बदल, आवाज ऐक" चालूच, मग बाबांना परत घरी आणायचं, गाडी गेटात लावायची, कारण तोवर ऑफिसच्या रस्त्याला ही गर्दी तुंबलेली असते... आणि मी आपली धावत जाऊन पकडते, दोनातली पहिली बस.