बारा डॉलरचं नाव

नाही, मला सांगा, माणूस लुबाडला जातो कुठे? बाजारात! मलाही तसंच वाटलं होतं. कॅनडात, विनिपेगला सहा वर्षं कॉम्प्युटर शिकून मी इजिप्तला, आमच्या दमिएत्ताला परत आले ती तयारीनंच, की आता लाकूडवाल्याशी भांडायचं, कैरोच्या दलालाशी भांडायचं, परवान्याच्या कचेरीत टेबलावर मूठ आपटायची आणि इंटरनेटवर मात्र सुखानं श्वास घ्यायचा. कारण तिथे कसं, सगळं उघड्यावर, सगळ्यांना एकच भाव, मग तो मंत्री असो की रंधा मारणारा सुतार! आणि झालं काय? लाकूडवाल्यानं चहा पाजला. कचेरीतल्या बाईंनी दोन दिवसांत शिक्का मारला, वर माझ्यासाठी स्थळ सुचवलं. आणि खिशात हात घातला कोणी? इंटरनेटनं! आमचा गुन्हा काय, तर किंमत विचारली. नुसती किंमत विचारली हो आम्ही!

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई कशाला किंचाळतेय. आमची गल्ली म्हणजे हारत दसूकी. अकरा कारखाने, पलंग, कपाटं, खुर्च्या, सगळं हातानं कोरलेलं. माझे बाबा तिथले सगळ्यात जुने कारागीर, लोक त्यांना उस्ता शौकी, म्हणजे उस्ताद शौकी, म्हणतात. आणि वर्षानुवर्षं काय चाललंय? तर कैरोचा दलाल ट्रक घेऊन येतो, आमचा पलंग नेतो, त्यावर कुठलंतरी इटालियन नाव चिकटवतो आणि चौपट किमतीला विकतो! बाबांच्या हाताची द्राक्षं, बाबांच्या हाताची पानं, आणि नाव कोणा सिन्योर अमक्याचं! मी म्हटलं, बस्स. आपलं नाव, आपली वेबसाइट, आपलं गिऱ्हाईक. शनिवारी कैरोत प्रदर्शन होतं, तिथे वाटायची पुस्तिका तयार होती, तिच्यावर वेबसाइटचा पत्ता तेवढा यायचा होता. छापखानेवाल्यानं बजावलं, मंगळवारी सकाळी दहापर्यंत पत्ता द्या, नाहीतर यंत्रावर दुसऱ्याचं काम चढेल.

बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. कानामागची पेन्सिल काढली, फळीच्या तुकड्यावर 'हारत दसूकी' लिहिलं आणि म्हणाले, "इनास, नाव आपलंच आहे ना? मग विकत का घ्यायचं?"

आणि मी, शहाणी, त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं! की बाबा, ही विक्री नाही, ही नोंदणी आहे, यात नावं नोंदवणारी दुकानं अनेक आहेत, एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणून गिऱ्हाइकाचं भलं होतं... अरेरे. आठवलं तरी कान तापतात.

तर रविवारी संध्याकाळी, अख्खी गल्ली आमच्या कारखान्यात भुशावर बसलेली, मश्शबकचा, म्हणजे आमच्या जिलबीचा, पुडा फिरतोय, सगळ्यांची बोटं पाकानं चिकट, मी नाव टाइप केलं. हारत दसूकी डॉट कॉम. शिल्लक आहे! वर्षाला बारा डॉलर! मी बटण दाबणार, एवढ्यात मनगट धरलं कोणी? तहानी आत्यानं. बाबांची थोरली बहीण, तिला बघून बाजारातले दुकानदार शटर अर्धं ओढतात.

"पहिल्या भावाला घेतेस? उस्ता शौकीची मुलगी पहिल्या भावाला घेते?"

"आत्या, इथे घासाघीस नसते."

"घासाघीस नसते? मग ते दुकान कसलं, ती मशीद झाली! सर बाजूला."

आता तुम्हाला आमची पद्धत सांगायला हवी. मुलीच्या लग्नाचं सामान घ्यायचं तर आधी आई जाते, किंमत विचारते, नाक मुरडून बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी मावशी जाते, आईला ओळखतच नसल्यासारखी. मग मामा, मग शेजारीण. दुकानदारालाही सगळं ठाऊक असतं, त्याच्या घरच्या बायका दुसऱ्या दुकानात हेच करत असतात! पाचवं माणूस विचारून परत गेलं की तो समजतो, माल महाग सांगितला, आणि उतरतो. विचारणारे वाढले की भाव उतरतो, आमच्या गावची पोरं हे चालायच्या आधी शिकतात.

आत्यानं फर्मान काढलं. "सगळ्यांनी आपापल्या फोनवरून विचारा. ओळख दाखवू नका. घेऊ नका. नुसतं विचारा आणि बाहेर पडा!"

आणि विचारलं हो सगळ्यांनी! चाळीस-एक फोन! गादीवाल्या रमझीनं दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा बायकोच्या फोनवरून, आणि पडद्याकडे बघून "छे, फार महाग" असं मोठ्यानं म्हणाला, पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून! मी हसत होते. सहा वर्षं शिकलेली मी, हसत होते.

सोमवारी सकाळी उघडते तर... दोन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी डॉलर! आमच्याकडे एवढ्यात नवरीमुलीचं घर भरतं, आरशाच्या कपाटासकट! खाली लाल अक्षरात लिहिलेलं, 'या नावाला प्रचंड मागणी आहे! त्वरा करा! फक्त एकच शिल्लक!' एकच शिल्लक! अहो, नाव एकच असतं! नाव म्हणजे काय भेंड्या आहेत, अर्धा किलो शिल्लक राहायला? आणि मागणी कोणाची? रमझीची! त्याच्या बायकोच्या फोनची! नुसती किंमत विचारली हो आम्ही!

मदतीच्या खिडकीत एक केविन प्रकटला. "नमस्कार इनास! तुमच्या स्वप्नाच्या प्रवासात मी सोबत आहे!" म्हटलं, प्रवास राहू दे, काल बारा होते. "हो इनास, रात्री हे नाव एका गुंतवणूकदारानं घेतलं." कोण? "ते गुप्त आहे, इनास." त्याला कसं कळलं की हे नाव आम्हाला हवंय? "तुमची उत्सुकता मी समजू शकतो, इनास." उत्सुकता! माझ्या डोक्याच्या शिरा तटतटल्या होत्या! "एकोणसत्तर डॉलर भरलेत तर आमचा मध्यस्थ त्या मालकाशी बोलेल." म्हणजे विचारायचेसुद्धा पैसे!

म्हटलं, ठीक, स्पर्धा आहे ना? व्याख्यान दिलंय मी बाबांना! दुसऱ्या दुकानात गेले. निळं दुकान, वेगळं नाव, वेगळं चित्र. भाव? दोन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. तिसरं दुकान, हिरवं. तोच भाव. खिडकीत जेनिफर, "तुमच्या स्वप्नाच्या प्रवासात मी सोबत आहे!" मग मी शेवटचं पान उघडलं, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असतात ना, ते. तिन्ही दुकानांचा मालक एक! आणि नोंदणीत लिहिलेला त्या गुप्त गुंतवणूकदाराचा टपालाचा पत्ता? त्याच इमारतीतला, त्याच मजल्यावरचा! आमच्या बाजारात दोन सख्खे भाऊ शेजारी दुकान मांडतात, तेसुद्धा लाजेकाजेस्तव पन्नास पौंडांचा फरक ठेवतात हो!

तक्रार करायला गेले, तर तक्रारीची फी नावाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. आणि पुरावा मागतात, हे नाव तुमचं कशावरून? कशावरून म्हणजे? कोपऱ्यावर पाटी आहे! माझ्या पणजोबांनी कोरलेली!

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती गुडघा चोळत म्हणाली, "म्हणजे हा मेला आपण विचारतो ते कान लावून ऐकतो?"

"तसंच दिसतंय. पण सिद्ध कसं करायचं?"

"त्यात काय? विचार त्याला, 'तहानीचा दुखरा गुडघा' केवढ्याला."

त्या संध्याकाळी चाळीस फोनांनी जगात पहिल्यांदाच तहानीचा दुखरा गुडघा डॉट कॉमची किंमत विचारली. तेव्हा बारा डॉलर. मंगळवारी सकाळी सात वाजता? एकोणीसशे! 'प्रचंड मागणी! फक्त एकच शिल्लक!' आत्या म्हणाली, "एकच कसा, दुसरापण दुखतो."

मी दोन्ही दिवसांचे पडद्याचे फोटो केविनला पाठवले. हा घ्या पुरावा! केविन काय म्हणाला असेल? "अभिनंदन इनास! तुम्ही फार मौल्यवान नावं निवडता!"

दहाला यंत्र सुरू होणार. साडेआठ वाजले होते. बाबा एका फळीवर रंधा मारत होते, तो बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "राहू दे पोरी. त्या इटालियनाचंच नाव चालू दे." हे मात्र मला सोसवेना! ओरडले असते तर चाललं असतं.

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले, जिथे पॉलिश सुकतं, आणि कडी लावली. कोणालाही न विचारता, एकदाच, एकाच फोनवर टाइप केलं, अस्सल-हारत-दसूकी-सुतारांची-गल्ली डॉट शॉप. पुस्तिकेवर दोन ओळी खाणारं, एका दमात म्हणता न येणारं, पण आमचं. पहिलं वर्ष बारा डॉलर. खाली मुंगीच्या पायात, दुसऱ्या वर्षापासून अठ्ठेचाळीस. आणि तुम्हाला सांगते, विनिपेगच्या वादसभेत 'खुलं इंटरनेट' या विषयावर पहिलं बक्षीस घेतलेल्या मी, उस्ता शौकीच्या मुलीनं, डोळे मिटले आणि पहिल्या भावाला दाबलं बटण!

बाहेर आले तर सगळी गल्ली उभी. आत्यानं विचारलं, "केवढ्याला?"

आयुष्यात खोटं बोलले नव्हते हो.

"बारा सांगत होता," मी म्हटलं, "आठला पाडला."