निरोगी म्हणून दिलेलं रक्त

माझं माहेर फलटणजवळचं. घरचा ऊस, वडील फौजेत, म्हंजे घर चालवलं ते आईनं, आन् आईची बोटं मी कळायला लागल्यापासनं वाकडीच बघितली. भाकरी थापायची ती मनगटानं. सगळे म्हणायचे वात हाय. वडील सुट्टीवर आले की म्हणायचे यंदा मिलिटरीच्या दवाखान्यात दाखवू, पण ऊसतोड आली की ते राहून जायचं. म्हणून मी डॉक्टर झाले असं लोकांला वाटतं. तसं काय न्हाई हां. मार्क पडले म्हणून झाले. पुढं पुण्यात शिकताना एका सरांनी मायक्रोस्कोपखाली सांध्याचा तुकडा दाखवला आन् म्हणाले, बघ, शरीराचे राखणदार आपल्याच घरावर चालून गेलेत. मी जी त्यात शिरले ती शिरलेच.

लग्न सांगलीत झालं. हे कॉलेजात शिकवायचे, मी दवाखान्यात, आन् दवाखान्याच्या मागं आमची लहान लॅब. आटपाडीकडच्या बाया पहाटेची एसटी धरून यायच्या. एक म्हणायची, बाई, सकाळी निऱ्याबी घालता येत न्हाईत, सून घालून देती, लाज वाटती. त्यांच्या रक्तावरच माझं संशोधन. हे चालून जाणारे राखणदार सांधे सुजायच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात खूण सोडतात, ती मी शोधायची. आता आजाऱ्याचं रक्त ताडून बघायला निरोगी माणसाचं लागतं, आन् निरोगी माणूस कशाला सुई टोचून घेईल? मग लॅबमधली आमीच बाह्या वर करायचो. मीबी केली.

काय सांगू तुमाला. शुभांगी म्हणून माझी मदतनीस, लय नेटकी पोरगी. ती म्हणाली, मॅडम, निरोगी गटातल्या एका ट्यूबमधी ती खूण लय वर आलीय, अदलाबदल झाली असणार. मी तिला रागावले, म्हटलं टेस्ट परत लाव. परत लावली, तेच. मग नंबर कुणाचा ते काढलं, तर माझा. शुभांगी मान वर करंना. मी म्हटलं, अगं, चहा सांग. ती रडायलाच लागली, आन् मी तिची समजूत घालत बसले.

तवा माझं काहीसुदिक दुखत नव्हतं. खूण असली म्हंजे आजार येतोच असं न्हाई, हे मीच पेशंटला सांगायची, आन् ते खरं हाय. पण ते वाक्य दुसऱ्याला सांगायला बरं असतं. जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी मूठ वळून बघायची. हे विचारायचे, काय करतीयास गं? मी म्हणायची, काय न्हाई, मुंग्या आल्यात. कुठं पळणार सांगा? पेशंटसमोर बसलं तरी तेच, लॅबमध्ये गेलं तरी तेच, घरी कुलूप लावून बसावं तर अंग संगटच हाय. अशी वर्षं गेली. आन् एक दिवस आंघोळीचा मगा उचलंना. खोटं न्हाई सांगत, पहिल्यांदा बरं वाटलं, की आलं एकदाचं. मग मोरीतच बसून रडले.

आता मी लिहून देते तीच औषधं मी खाते. त्यांनी सूज धरून ठेवलीय, पण अंगठ्यात जोर न्हाई. लॅबमधलं हातकाम शुभांगी करती, मी शेजारी स्टूल घेऊन बसते.

लेक माझी शिरवळला कंपनीत हाय, मनाली. मागं एका रविवारी आली आन् माझे हात हातात घेऊन बसली. म्हणाली, आजीला, मग तुला. माझंबी रक्त बघ. मी म्हटलं, बघून काय करू? आधीच थांबवायचं खात्रीचं औषध अजून न्हाई, नुसतं कळून काय करशील? मनू, ते कळल्यावर माणूस कसा जगतो ते मला विचार. ती माझ्यावरच गेलीय. म्हणाली, तू घेऊन तर ठेव. मी विचारीन तवा सांग, न्हाई विचारलं तर सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन बाही वर करून बसली. सुई शुभांगीनं लावली. मी खिडकीकडं बघत हुते.

ती ट्यूब फ्रीजरमध्ये हाय. मी ती टेस्टला लावलेली न्हाई. शुभांगी विचारत न्हाई, मनालीबी अजून विचारत न्हाई, फोनवर कंपनीचं, मैत्रिणींचं बोलती, हसती. हसू दे, देव तिला असंच ठेवो. पण आमच्या इथं वीज लय जाती. वीज गेली की मी पेशंटला तसाच बसवून लॅबकडं धावते, जनरेटर लागला का बघते, आन् फ्रीजरचा आवाज परत सुरू झाला की भिंतीला टेकून उभी राहते. ती ट्यूब खराब झाली तर मी सुटेन की हो. तरी धावते.