विहीणबाईंचा भरवसा

हं, टाळकरी मंडळी, जरा दम खा. मृदंगही टेकू द्या मांडीला. आता गाणं नाही, आता प्रश्न! आणि मागं खांबाला टेकून ज्यांनी डोळे मिटलेत, ते ध्यानात बसलेत असं मी धरून चालतो — पण प्रश्न त्यांनाही आहे बरं का!

प्रश्न असा. समोरच्या माणसाला फसवायला छाती लागते. डोळ्याला डोळा भिडतो, जीभ अडखळते. पण जो समोरच नाही, ज्याचं तोंड आपण जन्मात बघणार नाही, त्याच्या तोंडात आपल्या हातचा घास जातो — त्या घासाचा जाब द्यायचा कुणाला? देवाला? देव गाभाऱ्यात बसलाय, तो कशाला बघायला येतोय! सरकारला? हसू नका, हसू नका. सरकार येणार आहे पुढं, जीपमधून येणार आहे!

तर मंडळी, ऐका. पंचगंगेच्या काठाला कुरणवाडी नावाचं गाव. तिथं सातगोंडा मगदूम यांचं गुऱ्हाळ. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माणूस कसा? सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही! वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून रस पाजणार, पोराटोरांच्या हातावर ऊन ऊन काकवी घालणार, गावात कुणाच्या घरी लग्न असलं तर गुळाची ढेप आपणहून पाठवणार. तुम्ही म्हणाल, महाराज, इतका चांगला माणूस, मग आख्यान कुठाय? आहे! गुळात आहे!

अण्णांचा गूळ आधी तपकिरी असायचा. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला, खमंग, चवीला असा की खाणारा बोटं चाटायचा. पण मार्केट यार्डात सौद्याला ढेपा लागल्या, की अडत्या अंगठ्यानं दाबून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"अण्णा, माल चांगला हाय. पण रूप न्हाई! गिऱ्हाईक आधी डोळ्यानं खातंय."

आणि शेजारची ढेप? हळद लावलेल्या नवरदेवासारखी पिवळीधमक! तिला मागणी, हिला नाही. एक हंगाम सोसलं, दुसरा सोसला. तिसऱ्या हंगामाला अण्णांनी डबा आणला. पांढरी पावडर. कसली? कापडाचा रंग उडवायला वापरतात ना, तसली! आता गुळात ती किती असावी याला कायद्यानं माप घातलंय. अण्णांनीही मापानंच घातली हो — पण माप म्हणून आपली मूठ धरली! वर रंगाची एक पुडी. रंगाला तर मापच नाही, तो गुळात चालतच नाही. झालं! अण्णांचा गूळही नवरदेव झाला. वेष्टनावर सूर्याचं चित्र आलं, खाली छापलं — 'मगदूम गूळ. अगदी घरच्यासारखा!'

घरच्यासारखा! आता घरात काय चाललंय ते बघा. काहिलीत रस उकळतोय, अण्णांचा हात डब्याकडं चाललाय, तेवढ्यात पद्माक्का — म्हणजे अण्णांची बायको — दारातून ओरडते,

"अवो! घरातला बाजूला काढलासा न्हवं?"

"काढला, काढला! त्याबिगार डब्याला हात लावीन व्हय?"

ऐकलंत? काहील एक, ऊस एक, जाळ एक — पण घरचा गूळ वेगळा आणि घरच्यासारखा वेगळा! अण्णांच्या मनाला हे टोचायचं का? पहिल्यांदा टोचलं. पण मनाचं कसं असतं, नव्या चपलेसारखं. चार दिवस चावतं, मग सवय होते.

आता येऊ द्या सरकार! तालुक्यात अन्न सुरक्षा अधिकारी आल्या, सोनवणे मॅडम. कडक बाई. पण मॅडम एकट्या आणि गुऱ्हाळं नदीच्या दोन्ही काठांना! त्यांची जीप अलीकडच्या गावात वळली की पलीकडच्या गावात फोन वाजतो. कुरणवाडीत जीप पोचेपर्यंत डबा चिपाडाच्या ढिगात गेला, आणि अण्णा हात जोडून दारात उभे.

"या, या मॅडम! आधी रस घ्या."

"रस नको. नमुना घ्यायचाय."

अण्णांनी नमुना दिला. कुठला? अहो, घरचा! मॅडमनी तो समोर सीलबंद केला, प्रयोगशाळेला पाठवला, आणि अहवाल आला — उत्तम! का येणार नाही? अण्णांनी त्या अहवालाला चौकट केली, चौकटीला हार घातला, उदबत्ती लावली. उदबत्ती मंडळी! खोट्याचा एवढा सत्कार खऱ्याच्या नशिबी कधी आलाय का?

अशी दोन वर्षं गेली. अण्णांची एकुलती लेक सन्मती मिरजेला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवास नको. म्हणून सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली! बारशाचा निरोप आला. अण्णांनी नवा फेटा बांधला, पद्माक्कानं बाळंतविडा घेतला, आणि घरच्या गुळाचे डिंकाचे लाडू डबाभर वळून घेतले.

मिरजेत घर माणसांनी फुललेलं. पाळणा सजलेला. विहीणबाई पुढं आल्या, चंपाक्का चौगुले. ठसठशीत कुंकू, मोकळा आवाज. पद्माक्काच्या हातातला डबा बघून हसल्या.

"कशाला दमलासा एवढं? लाडू मी कवाच केल्यात! सून सकाळ-संध्याकाळ खातीया. आणि गूळ कुणाचा, विचारा की!"

"कुणाचा?"

"तुमचाच की वो पाव्हणं! दुकानदार दुसराच गळ्यात मारत हुता. म्हटलं, न्हाई! हल्ली कुणाचा काय भरवसा? मला सूर्याच्या चित्राचाच पायजे. आमच्या पाव्हण्यांचा. बाळंतिणीच्या पोटात जायाचाय त्यो!"

अण्णा तसेच आतल्या खोलीकडं वळले. आत बघतात तर पोर खाटेवर बसलीय, मांडीवर तान्ही, आणि हातात लाडू. अर्धा खाल्लेला, अर्धा ओठाशी नेलेला. बापाला बघून हसली, "आलासा आप्पा?" आणि घास घेणार —

अण्णा धावले! एवढ्या बायकांत, फेट्यासकट धावले, आणि लेकीच्या हातातला लाडू हिसकावून घेतला!

पाळण्यापाशी गाणाऱ्या बायका खाटेभोवती जमल्या. चंपाक्कांचा चेहरा लाल झाला.

"पाव्हणं! माझ्या हातचं तुमच्या लेकीला चालत न्हाई व्हय?"

पद्माक्का मधे पडली, "तसं न्हवं वो विहीणबाई, ह्यांना... तुपाचा जरा... वास..."

बघा मंडळी! खोटं कसं तयार असतं, आयतं, पानात वाढलेलं! तूप खवट होतं म्हटलं की संपलं. गुऱ्हाळ वाचलं, नाव वाचलं, सूर्य वाचला. डाग कुणावर? जिनं एवढ्या विश्वासानं लाडू वळले तिच्यावर! अण्णांनी चंपाक्कांकडं बघितलं. एवढा अपमान झाला होता तिचा, आणि तरी डोळ्यांत अजून हेच, की माझं काही चुकलं का? अण्णांच्यानं ते बघवलं नाही.

"तूप चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "तुमचा हात चांगला हाय. गूळ वाईट हाय. माझा गूळ." आणि सांगून टाकलं. पावडर, रंगाची पुडी, घरची ढेप वेगळी, सगळं! मान खाली, हातात अर्धा लाडू.

सन्मती रडायला लागली. "आप्पा, तुमचा गूळ म्हणून मी सकाळ-संध्याकाळ खाल्ला वो..." म्हणून सासूला बिलगली. डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी मायलेकींना तपासलं, म्हणाल्या दोघी ठणठणीत आहेत, लाडू मात्र बंद. सोडा श्वास! मी काही तुम्हाला रडवायला उभा नाही.

पण चंपाक्का काय म्हणाल्या ते ऐका. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या,

"पाव्हणं, तुमच्या लेकीचा लाडू तुम्ही काढून घेतलासा. बाप हाय तुम्ही, बरं केलासा. पण माझी लेक दिलीया तिकडं सांगोल्याला. तीबी बाळंतीण हाय. मीच तिला सांगून ठेवलंय, सूर्याच्या चित्राचाच गूळ आण. तिच्या हातातला लाडू कोण काढून घेणार?"

अण्णा तसेच उठले. म्हणाले, "पत्ता सांगा." बारशाचं जेवण टाकून माणूस सांगोल्याला गेला! ज्या बाईला कधी बघितलं नाही, तिच्या दारात उभं राहून म्हणाला, "पोरी, त्यो गूळ परत दे." ती बिचारी घाबरली, हा कोण फेटेवाला गूळ मागतोय! पण अण्णा ढेप घेऊनच परतले.

दुसऱ्या दिवशी अण्णा थेट सोनवणे मॅडमच्या कचेरीत.

"मॅडम, नमुना घ्या."

मॅडमनी चष्मा वर केला. "मगदूम ना? तुमचा नमुना तर पास झाला होता."

"त्यो घरचा हुता. आता इकायचा घ्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. नमुना चुकवायला येणारे त्यांनी शेकड्यांनी बघितले असतील, द्यायला आलेला हा पहिलाच! पण कायदा म्हणजे काय आई आहे, डोळ्यांत पाणी बघून पाघळायला? त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण कारवाई होणार. दंड होणार. आणि बाजारात गेलेला सगळा माल तुम्हीच परत आणायचा."

आणला! दुकान दुकान फिरून अण्णांनी आपलाच गूळ उचलला. दुकानदार हसायचे. "अण्णा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? माल खपतोय की!" अण्णा म्हणायचे, "खपतोय म्हणूनच न्यायला आलोय."

मग दंड भरून पुन्हा चुलवाण पेटलं. डबा नाही, पुडी नाही. जुना तपकिरी गूळ. सौद्याला नेला, तर अडत्या म्हणतो, "हे काय आणलंस, गूळ का कोळसा?" कुणी बोली लावेना. ढेपा परत आल्या, ओसरीत रचल्या, माजघरात रचल्या. पद्माक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"आता सगळाच घरचा झाला! खाणार किती आपण?"

खऱ्याला लगेच फळ येतं असं मी सांगितलं असतं, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण खोटं सांगितल्यासारखं झालं असतं. नाही आलं फळ! अण्णा काहिलीपाशी बसायचे आणि मनात यायचं, एक मूठ... एकच मूठ... आणि मग आपल्याच हातावर आपली नजर ठेवायचे.

एका सकाळी गुऱ्हाळाच्या दारात रिक्षा थांबली. उतरलं कोण? चंपाक्का! बारशापासून बोलणं बंद होतं. अण्णा गडबडीनं उठले.

"या विहीणबाई! घरात चला, च्या घ्या."

"च्या नगो. आणि विश्वास ठेवायला आलीया असंबी समजू नका. बघायला आलीया."

पदर खोचला आणि काहिलीशेजारी पाट मांडून बसल्या. रस ओतला, बघितलं. मळी काढली, बघितलं. दिसेल तो डबा उघडला, वास घेतला. भेंडीच्या चिकात बोट घालून विचारलं, "ह्ये काय?" चिपाडाचा ढीगसुद्धा काठीनं उपसला बाईनं! गडी गालात हसायला लागले. अण्णांना एकदा वाटलं म्हणावं, एवढा संशय? पण म्हणाले नाहीत. त्यांनी भरवसा ठेवला होता तेव्हा आपण काय दिलं, हे आठवत होतं ना!

दुपार कलली. गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला, निवला. चंपाक्कांनी खडा तोंडात टाकला. चघळला. अण्णा त्यांच्या तोंडाकडं असे बघतायत, जसा दहावीचा पोरगा निकालाकडं!

"रूप न्हाई," चंपाक्का म्हणाल्या.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"चव हाय. दोन ढेपा बांधा. एक सांगोल्याला जाईल."

पद्माक्का आत जाऊन डोळे पुसून आली. आणि चंपाक्का मिरजेला जाऊन गप्प बसणाऱ्यातल्या आहेत का? भजनी मंडळात सांगितलं, गिरणीत सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायकांना सांगितलं. कशा शब्दांत? "मी स्वतः डबं उघडून बघितल्यात!" मग बाया यायला लागल्या. बघायच्या, हुंगायच्या, घेऊन जायच्या. अण्णांनी पाटाच्या जागी बाकडंच टाकलं. सोनवणे मॅडमही अवचित यायच्या, हवी ती ढेप आपल्या हातानं निवडायच्या. आता फोन वाजला तरी गुऱ्हाळात कुणी धावत नव्हतं. गुऱ्हाळाचा कारखाना झाला नाही मंडळी, पण चूल विझली नाही.

मग कळलं, जाब कुणाला द्यायचा? विहिणीला! जो दिसत नाही तो प्रत्येक खाणारा कुणाची तरी विहीण आहे, कुणाची तरी सांगोल्याची लेक आहे. इथं दुधाचा रतीब घालणारे बसलेत, मिरची कांडणारे बसलेत, हॉटेलवाले बसलेत. मी नावं घेत नाही. तुम्हीच मान खाली घालताय, तर माझा इलाज नाही!

आणि बाकीचे खूश झालात? थांबा! अण्णांना मी सोडलं, तुम्हाला नाही सोडणार. दुकानात ढेप उलटीपालटी करून "जरा पिवळा दाखवा हो" असं कोण म्हणतं? पावडरची मूठ अण्णांची, खरं आहे — पण त्या मुठीला मनगटातून धरून काहिलीपर्यंत कुणी नेलं? आपल्याला आंबा डागाशिवाय हवा, हळद झगझगीत हवी, मिठाई रंगीत हवी, आणि वर भेसळ झाली की सरकार झोपलंय! मॅडमची जीप एक, आपण डोळे किती! मग उघडा की ते! विचारा, डबा उघडा म्हणा, खोटं दिसलं तर तक्रार करा. आणि खऱ्याला रूप नसलं तर त्याला नाक मुरडू नका. विचारलं म्हणून भरवसा मोडत नाही हो. न विचारता ठेवलेलाच मोडतो.

चला, आता प्रसाद. सुंठवड्याचं ताट फिरू द्या. पण थांबा, आजच्या प्रसादाला गूळ कुणी आणला? बोला की! तुम्ही होय देसाई? वा! रंग कसा होता?

...का हो, गप्प का?