इंजिन बंद, मामा स्टिअरिंगवर

जबाब देणार: गल्लीत 'पाटीवाला' म्हणून ओळखला जाणारा, वय २२, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, शिक्षण नववीपर्यंत, राहणार चढावरच्या गल्लीत शेवटच्या घरी, मामा-मामींजवळ.

आज शनिवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या फाटकात शाळेची एक व्हॅन येऊन थांबली. त्याबाबत विचारल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगतो ते असे.

सदर व्हॅन माझ्या मामांची आहे. मामांचे वय ५७, शाळेच्या मुलांची ने-आण हाच त्यांचा धंदा. मागच्या वर्षाच्या शेवटी ते मोरीत चक्कर येऊन पडले. गाडी चालवताना नव्हे, हे कृपया स्पष्ट लिहावे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, चक्कर पुन्हा आली नाही. तरी मामांनी आपण होऊन परवाना कार्यालयात सगळे सांगितले व परवाना जमा केला. त्यांची वैद्यकीय तपासणी झाली. निकालाला किती दिवस लागतात याची पाटी तिथे भिंतीवर आहे. तीसवर कागद चिकटवून साठ, त्यावर आणखी कागद चिकटवून नव्वद केले आहेत. कागद सरळ चिकटवलेले नाहीत. आम्ही शेवटचे विचारायला गेलो तेव्हा नव्वदही उलटून गेले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "फाइल वर गेलीय." मामांनी विचारले, "वर म्हणजे कुठल्या मजल्यावर? मी घेऊन येतो." बाई हसल्या, पण फाइल आली नाही.

शाळेने कळवले होते की येत्या सोमवारी परवाना दाखवला नाही तर मुलांसाठी दुसरी गाडी लावू.

निकाल मोबाइलवर कळतो. मामा सारखा मोबाइल बघत. त्याने रक्तदाब चढे, आणि तसाच चढत राहिला तर पुन्हा बोलावल्यावर नापास होतील, म्हणून मामींनी मोबाइल बंद करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. बघायचे फक्त रविवारी जेवणानंतर, आणि बघायचे मी, असे ठरले. गेल्या रविवारी 'प्रलंबित' असे होते.

गाडी एकाच जागी उभी राहिली की टायर बसतात. म्हणून दर शनिवारी आम्ही ती गल्लीत थोडी पुढे-मागे ढकलतो. स्टिअरिंगवर मामा असतात. इंजिन बंद, चावी मामींकडे, म्हणजे हे चालवणे नाही, ढकलणे आहे, असे मामांचे मत पडले. मला ते पटले नव्हते व तसे मी बोललो होतो. मामा म्हणाले, "तू पाट्या रंगव, वकिली नको करू." गाडी जुनी असल्याने चावीशिवायही स्टिअरिंग फिरते.

एरवी मी आणि मामी ढकलतो, त्यामुळे जोर बेताचा असतो. आज शेजारचे पैलवान मदतीला आले. त्यांनी एकट्याने खांदा लावला आणि गाडी चढाचा माथा ओलांडून उताराला लागली. मी उघड्या दारातून आत उडी घेतली. मला गाडी चालवता येत नाही. आत जाऊन मी काय करणार होतो ते मला सांगता येणार नाही.

मामा खिडकीतून मागे ओरडले, "पैलवान, ढकला म्हणालो होतो, पाठवा नाही."

मागून आवाज आला, "हलकी निघाली हो, मामा."

इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो. मामांनी हँडब्रेक थोडा ओढत, थोडा सोडत गाडी खाली आणली. वाटेत फळवाला हातगाडी घेऊन आडवा येत होता. मामांनी हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली. तो थांबला, आणि मामा बऱ्याच दिवसांनी दिसले म्हणून त्याने सलाम केला. मामांनीही केला. त्यापुढचे वळण मी डोळे मिटल्यामुळे पाहिलेले नाही. उघडले तेव्हा गाडी या फाटकात उभी होती. कोणाला लागले नाही, कशाचे नुकसान झाले नाही. मामांचा चेहरा शाळा सुटल्यावर मुलांचा असतो तसा होता.

फाटकावरच्या शिपायांनी परवाना मागितला. मामा म्हणाले, "कार्यालयात जमा आहे."

"मग चालवता कसे?"

"चालवत नव्हतो, साहेब. उतरत होतो."

आत ठाणेदार साहेबांनी सांगितले की परवाना नसेल तर गुन्हा नोंदवावा लागेल. गुन्हा नोंदला की फाइल पुन्हा पहिल्यापासून, आणि सोमवार हातचा गेला, हे मला समजले. मामांनाही समजले असावे. मग तेच म्हणाले, "खोटं कशाला? मोबाइल आणा, बघा, अजून प्रलंबितच आहे."

निरोप गेल्यावर मामी डब्यासकट आल्या, बरोबर पैलवानही आले. मामी म्हणाल्या, "पण आज शनिवार आहे. बघायचा दिवस उद्या."

साहेब म्हणाले, "बाई, आमच्याकडे शनिवारीही काम चालतं."

मी मोबाइल चालू केला. तिथे वेगळे काही लिहिलेले होते. मला मोठ्याने वाचता येईना, म्हणून मोबाइल साहेबांकडे दिला. साहेबांनी वाचले, "वैद्यकीय तपासणीत पात्र. परवाना आजपासून पूर्ववत लागू." त्यावर तारीख मंगळवारची होती.

मग मामा मामींना म्हणाले, "मंगळवारपासून माझं लायसन डब्यात घालून ठेवलंस होय गं?"

"आणि बी.पी. किती छान राहिलं ते बघा की," असे म्हणून मामी बाकावर बसल्या व पदराने डोळे पुसू लागल्या. पैलवानांनी मामांना उचलले. साहेबांनी खाली ठेवायला सांगितल्यावर ठेवले.

साहेबांनी ठाण्याच्या संगणकावर खात्री केली. गुन्हा नोंदवणार नाही, पण गाडी पुन्हा अशी ढकलायची नाही, अशी सक्त ताकीद दिली, ती आम्हा सर्वांना मान्य आहे. जीप अडकली आहे, गाडी बाजूला घ्या, असेही म्हणाले. मामा उठले, बसले, परत उठले.

"मीच घेऊ?"

"मग काय पैलवानांना सांगू?"

मामा गाडी बाजूला घ्यायला गेले, ते अजून घेतच आहेत. मी जबाब देत असताना ती ठाण्यासमोरून तीनदा गेली. मामी पुढच्या सीटवर आहेत.

वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे उतरवला असून तो मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. वाचून होईपर्यंत गाडी चौथ्यांदा गेली, ती वर धरलेली नाही. बाकी सर्व बरोबर आहे.