हॉर्न नसलेली गाडी

बसची वाट बघत मी घाटातल्या थांब्यावर बसलो होतो. समोर एका नर्सबाईंच्या मोटरसायकलची चेन तुटली होती, आणि त्यांना बघून एक दाढीवाले काका आपली मोटरसायकल लावून थांबले होते.

"जोडायला किती वेळ लागेल?"

"तासभर तरी. कडी तुटलीय, नवी आणावी लागेल."

"मग संपलंच. या डब्यात लशी आहेत, दादा. बर्फ फार तर चाळीस मिनिटं टिकेल. पुढच्या गावात बारा बाळं वाट बघतायत."

"मग माझी गाडी न्या."

"ओळख ना पाळख, चावी काय देताय?"

"तुमची गाडी आहे की माझ्याकडे."

"बंद पडलेली!"

"तिचं मी बघतो. ऐका, दुसरा गिअर हलक्या पायानं टाका, नाहीतर रुसते. आणि हॉर्न वाजत नाही."

"मग वळणावर काय करू?"

"ओरडायचं. आमची ही मागं बसून तेच करते."

"तुम्ही पण ना! डबा घट्ट बांधा बघू."

"बांधला. पळा आता."

त्या गेल्या. काका चेन काढायला बसले. तेवढ्यात आणखी एक मोटरसायकलवाला थांबला.

"काय झालं, काका?"

"कडी तुटलीय."

"माझ्याकडे जास्तीची आहे. सरका. गाडी कुणाची?"

"नाव विचारायचं राहिलं."

"आणि तुमची?"

खालच्या वळणावरून खणखणीत आवाज आला, "ए, बाजूला व्हा! बाजूला!"

"ती काय, चाललीय. हॉर्नसुद्धा दुरुस्त झाला."