गाठ मारलेलं मोहोळ

मंडळी, ऐका! दान करावं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. पण जे सगळ्यांचं आहे, त्याचं दान एकट्यानं करता येतं का? देवळातली समई उचलून मी पाहुण्याला दिली, तर तुम्ही त्याला पुण्य म्हणाल? मागच्या खांबाला टेकलेले काका हसले. म्हणजे जागे आहेत! चला तर.

घाटमाथ्यावर धारखिंड नावाचं गाव. तीन वाड्या, आणि तिघींची मिळून एक मध सोसायटी. तिथं कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली की डोंगर जांभळा, धुकं जांभळं, माणसं बोलतात तीसुद्धा हळू. आणि माश्यांचा आवाज असा, की सारा डोंगरच झोपेत गुणगुणतोय!

आता रीत बघा. रानात मोहोळ ज्याला पहिल्यांदा दिसलं, त्यानं झाडाला गवताची गाठ मारायची. गाठ दिसली की दुसरा हात लावत नाही. काढणाराही मधापुरतंच कापतो, पिलांचा भाग माश्यांना ठेवतो. पहारा नाही, कुलूप नाही — एक गाठ!

पुढे मोबाइल आला. कुठं काय फुललं, कुठं मोहोळ बसलं, हे सगळे सोसायटीच्या नोंदी ठेवणाऱ्या चिमाबाई लोहकरेला सांगायचे आणि ती मोबाइलमधल्या सोसायटीच्या नकाशावर नोंदवायची. मोहोळाच्या जागी गाठीचंच चित्र. सात वर्षांत नकाशा इतका भरला, की चिमाबाई डोळे मिटून त्यात हिंडायची. झोपेतही तिला वाटा दिसायच्या.

एक दिवस शहरातल्या मधाच्या कंपनीचा साहेब आला. गोड बोलला — त्या धंद्यातला, गोड बोलणारच! अभ्यासाला नकाशा हवा म्हणाला. चिमाबाईला वाटलं, माहिती दिल्यानं कमी थोडीच होते? आणि गाठी तर मारलेल्याच आहेत. तिनं कुणाला न विचारता नकाशा पाठवून दिला.

कारवी फुलली, आणि बाहेरची माणसं थेट झाडांखाली! मंडळी, धारखिंडीला गाठ म्हणजे ‘हात लावू नको’. त्यांना तीच गाठ म्हणजे पत्ता. चाळीस मोहोळं पिलांसकट उतरवली. चिमाबाई रानात गेली. फुलं तशीच जांभळी, धुकं तसंच, आणि आवाज नाही. तिला वाटलं, आपले कानच गेले. ती झाडाखाली बसून खूप रडली.

सभा भरली. चिमाबाईनं मोबाइल मधोमध ठेवला, चूक कबूल केली आणि हे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली. त्या कामाबरोबर तिची सात वर्षं जाणार होती, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी म्हणालं, नकाशाच पुसून टाका. तेव्हा म्हातारा बुधाजी बोलला.

"पुसू नका. झाडाला गाठ मारली, नकाशाला मारायची राहिली. ती चूक एकट्या चिमाची नव्हती, आपल्या सगळ्यांची होती."

मग ठरलं. कुठं काय फुललं, ते कुणीही बघावं. माश्यांच्या रोगाची माहिती अभ्यास करणाऱ्यांना द्यावी, पण जे कळेल ते त्यांनी इथं येऊन सांगावं. मोहोळांच्या जागा मात्र तीन वाड्यांच्याच. त्या उघडायचा परवलीचा शब्द तीन तुकड्यांत, तीन बायकांकडे. त्यातला एक तुकडा सभेनं चिमाबाईलाच दिला.

दोन पावसाळ्यांनी साहेब परत आला. म्हणाला, नवीन नोंदी द्या, फक्त एकदा.

"माझ्याकडे एकच तुकडा आहे, साहेब," चिमाबाई म्हणाली. "सभा त्या आंब्याखाली बसते. तिथं येऊन मागा, आणि कशाला हवं ते सांगा."

साहेब काही आंब्याकडे वळला नाही. चिमाबाई मात्र रानात गेली, जिथं रडली होती त्याच झाडाशी. खोडाला कान लावला. आत कुठंतरी, लांबून, गुणगुण! तिनं गवत उपटलं आणि हलक्या हातानं गाठ मारली.

आता तुमच्याकडे वळतो. खिशात मोबाइल आहे ना? त्यात शेजाऱ्याचा नंबर, भावकीचे फोटो, महिला मंडळातल्या बायकांची नावं. पडद्यावर कुणीतरी विचारतं — सगळं घेऊ का? आणि तुम्ही न वाचता ‘हो’ दाबता! दान कुणाचं केलंत? ज्यांचं होतं, त्यांना विचारलंत?

टाळ जरा थांबवा, मंडळी. डोळे मिटा. आपल्या रानात आवाज आहे का अजून?