काकूंचं कुलूप

किल्लीशिवाय कुलूप उघडायची हौस कुणी करू नका रे. मी मोबाईलवर बघून शिकलो आणि आता मंगळवार पेठेत मला कुणी निवांत चहा बी पिऊ देत न्हाय.

परवा कामावरनं दमून आलतो. बूट काढतोय तवर शेजारच्या काकू दारात हजर. "चल लवकर, किल्ली हरवलीया. नेसरीचं पावणं उन्हात उभं हायत."

गेलो. गुडघं टेकलं, कुलपात तारा घातल्या. मागनं पावणं इचारत्यात, "जमंल न्हवं?" घाम डोळ्यांत, इज्जतीचा सवाल! शेवटी खट्ट वाजलं आणि कुलूप सुटलं. पावण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात आमची आई किल्ली घेऊन आली. "अगं, जाताना माझ्याकडंच ठेवून गेलतीस की! इसरलीस व्हय?"

काकू म्हणाल्या, "इसरतीय कशाला? पावण्यांना आपल्या पोराची करामत दाखवायची हुती."

मी तिथंच पायरीवर बसलो. तर पावणं वाकून म्हणत्यात, "पुन्यांदा लावून उघडा की. व्हिडिओ काढायचा राहिला."